सांध्यावरची माणसं

ड्रम कोअर इंटरनॅशनल ही पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे घेऊन मैदानावर उतरणाऱ्या तरुण पथकांची स्पर्धा. तिची अंतिम फेरी अमेरिकेत दर ऑगस्टमध्ये होते. तिथे विजेतेपदाबरोबर प्रत्येक विभागासाठी वेगळं पारितोषिक असतं. पितळी वाद्यांच्या पारितोषिकाला जिम ऑट यांचं नाव आहे, तालवाद्यांच्या पारितोषिकाला फ्रेड सॅनफर्ड यांचं आणि झेंडे फिरवणाऱ्या कलर गार्डच्या पारितोषिकाला जॉर्ज झिंगाली यांचं. तिघांचं मोठेपण शिकवण्यातलं आणि रचनेतलं. सॅनफर्ड यांनी सांता क्लारा व्हॅन्गार्ड या पथकाच्या तालवाद्यांचं लेखन केलं. झिंगालींनी १९८०च्या दशकात गारफील्ड कॅडेट्स या पथकासाठी मैदानावरच्या आकृत्या काढल्या. याच दशकात, १९८३, १९८४ आणि १९८५ साली, गारफील्डने लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली. ज्या खेळात पारितोषिकांना गुरुजींची नावं मिळतात, तिथे दर सप्टेंबरला चाहते 'आपल्या मनातला आदर्श स्टाफ' निवडत बसले तर नवल नाही. आपल्याकडे कट्ट्यावर सर्वकालीन क्रिकेट संघ निवडतात, त्याच जातीचा हा खेळ. ब्राससाठी, म्हणजे पितळी वाद्यांसाठी, वेन डाउनी, आकृत्यांना मायकेल गेन्स, स्नेअर ड्रमला स्कॉट जॉन्सन, आणि झाला संघ तयार.

खेळ मजेचा आहे. पण असा स्टाफ खरोखर जमवला तर तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कोलमडेल. कारण पुढे येईलच.

आधी नवख्यांसाठी चार ओळी. कोअर म्हणजे पथक. शब्द सैन्यातून आला आहे आणि त्याची शेवटची दोन अक्षरं उच्चारात गिळायची असतात. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली-तलवारी फिरवणारा कलर गार्ड, एवढाच मामला. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना प्रवेश नाही. वर्ल्ड क्लास या वरच्या गटात जास्तीत जास्त १६५ मुलं-मुली असतात आणि बाविशीच्या आसपास वयाची मर्यादा संपते. फुटबॉलच्या मैदानावर बारा मिनिटांच्या आतबाहेर एकच कार्यक्रम सादर करायचा, तोच अख्खा उन्हाळा घासूनपुसून लख्ख करायचा आणि गावोगाव स्पर्धेत उतरायचं. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७२मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी झाली आणि ॲनाहाइम किंग्जमेन जिंकले. २००९पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते.

पुण्यातल्या ढोल-ताशा पथकात घाम गाळलेल्या कुणालाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल: महिनोन्महिने सराव, खांद्यावरचं ओझं, फोड आलेले हात. फरक गुणपत्रिकेचा आहे, आणि स्टाफ जमवायला बसताना ती गुणपत्रिकाच समोर ठेवायची.

एकूण गुण १००. त्यांतले ४० 'जनरल इफेक्ट'चे, म्हणजे कार्यक्रम एकसंध म्हणून किती भिडला याचे. ३० गुण दृश्याचे: चालण्यातली सफाई, दृश्यरचनेचं विश्लेषण आणि कलर गार्ड यांना प्रत्येकी २० आणि त्यांच्या बेरजेचे निम्मे. उरलेले ३० संगीताचे, त्याच हिशेबाने ब्रास, तालवाद्यं आणि संगीताचं विश्लेषण यांचे. आता यातून एका विभागाच्या एकट्याच्या खात्यात किती जातात ते मोजा. ब्रासचे १०, तालवाद्यांचे १०, गार्डचे १०, सफाईचे १०. झाले ४०. उरलेले ६० कुणा एकाचे नाहीत. ब्रास आणि ड्रम जिथे भेटतात, आकृती आणि सूर जिथे भेटतात, गार्डचा झेंडा आणि झांजेसारखा फुटणारा स्वर जिथे एका क्षणी उघडतात, तिथे ते ६० पडलेले असतात. सुताराच्या भाषेत बोलायचं तर लाकूड सगळ्यांकडे चांगलं असतं, गुण सांध्याला मिळतात. चाहत्यांच्या यादीत मात्र सांध्यावर बसणारा माणूस कधीच नसतो, कारण त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

पूर्वी हे असं नव्हतं. १९८४च्या मोसमाआधी 'टिक' पद्धत होती. परीक्षक मैदानावर फिरत चुका टिपायचे आणि प्रत्येक चुकीला गुणाचा दहावा भाग कापला जायचा. त्या काळी चुका हेरणारा करडा शिक्षक हाच उत्तम शिक्षक. आजही काही जण त्या काळाचं डोळ्यांत पाणी आणून वर्णन करतात. त्यांना कामावर जरूर घ्यावं, सफाई त्यांच्याइतकी कुणाला जमत नाही. फक्त कार्यक्रमाची सूत्रं त्यांच्या हाती देऊ नयेत.

मग पहिली नेमणूक कुणाची? प्रोग्राम कोऑर्डिनेटरची, आणि तीही सप्टेंबर संपायच्या आत. हा माणूस स्वतः फारसं काही लिहीत नाही. ब्रासचा अरेंजर म्हणजे संगीत बांधून देणारा, बॅटरीचा म्हणजे चालत्या ड्रमांचा लेखक, फ्रंट एन्सेम्बलचा म्हणजे समोरच्या रेषेवरच्या तालवाद्यांचा लेखक, इलेक्ट्रॉनिक ध्वनीची रचना करणारा, मैदानावरच्या आकृत्या काढणारा ड्रिल लेखक, गार्डचा नृत्यदिग्दर्शक आणि पोशाख करणारा, अशा सात-आठ जणांची मोट तो बांधतो. त्याच्याकडे दोनच अधिकार हवेत, पण ते पूर्ण हवेत: 'हे काढा' म्हणण्याचा आणि 'आता बदल बंद' म्हणण्याचा. हे अधिकार समितीत वाटले की काय होतं ते कुठल्याही गणेश मंडळाच्या देखाव्याच्या बैठकीत बसलेल्याला सांगायला नको. प्रत्येकाची एकेक कल्पना राहते आणि देखाव्याचं संग्रहालय होतं.

कोऑर्डिनेटर निवडताना उमेदवाराला त्याच्या गाजलेल्या कार्यक्रमाविषयी विचारून उपयोग नाही. त्यावर सगळेच भरभरून बोलतात. विचारावं ते त्याने कापलेल्या गोष्टींविषयी. तीन आठवडे शिकवलेला, मुलांना जीव की प्राण झालेला सव्वा मिनिटाचा तुकडा जुलैमध्ये कधी काढून टाकला का, तो कुणी लिहिला होता आणि त्या लेखकाशी आज बोलणं आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं.

अरेंजर आणि ड्रिल लेखक यांच्या जोडीवर अख्खा कार्यक्रम तोललेला असतो आणि इथला सांधा फार लवकर निखळतो. अरेंजर जानेवारीत संगीत देतो, ड्रिल वसंतात लिहिलं जातं. अरेंजरने एका ठिकाणी ट्रम्पेटना एका मात्रेत चार स्वरांची वेगवान ओळ दिली आहे असं समजा. ड्रिल लेखकाला त्याच आठ मोजणीत ट्रम्पेट मैदानाच्या डाव्या बाजूकडून मध्याच्या दिशेने सरकवायचे आहेत. साधं पाऊल साडेबावीस इंचांचं असतं, आठ पावलांत पाच यार्ड. इथे १८०च्या लयीत तीस इंचांचं पाऊल टाकत, दम सांभाळत ती ओळ वाजवायची. ओठ हलतात, सूर फाटतो. ब्रास शिक्षक म्हणतो चाल कच्ची, व्हिज्युअल शिक्षक म्हणतो वाजवणं कच्चं. दोघेही आपापल्या तासाला तेच आठ काउंट घासत राहतात आणि जूनचा महिना त्यात जातो. मुळात चूक कागदावरची असते. म्हणून ड्रिल लेखकाला संगीताची प्रत वाचता यायला हवी, आणि अरेंजरने ड्रिलचा पहिला आराखडा मुलांच्या हातात पडण्याआधी पाहायला हवा. हे लेखी ठरवावं. तोंडी ठरलेलं मे महिन्यात कुणाला आठवत नाही.

दुसरा सांधा मैदानाच्या लांबी-रुंदीचा. फुटबॉलचं मैदान १६० फूट रुंद, म्हणजे जवळपास ४९ मीटर. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या ट्युबाचा सूर चाळीस मीटर पुढे पोहोचायला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. १८०च्या लयीत एक मात्रा सेकंदाचा तिसरा भाग. म्हणजे मागचा आवाज पुढे एक तृतीयांशापेक्षा जास्त मात्रा उशिरा पोहोचतो. लक्ष्मी रस्त्यावर लांबलेल्या पथकाच्या दोन टोकांना वेगवेगळा ठेका ऐकू येतो, त्यामागचं शास्त्र हेच. उपाय ठरलेला आहे. समोरच्या रेषेवर मरिंबा-व्हायब्राफोन घेऊन उभा असलेला फ्रंट एन्सेम्बल मागून येणारा आवाज ऐकून त्यावर वाजवतो आणि ड्रम मेजर, म्हणजे हाताने लय दाखवणारा संचालक, कानांवर बोळे ठेवल्यासारखा फक्त मधल्या स्नेअरवाल्याच्या पायांकडे पाहून हात चालवतो. सरावात मेट्रोनोमचा भोंगाही म्हणूनच पाठीमागे, बॅटरीजवळ ठेवतात. ऐकायला सोपं. पण फ्रंटचा शिक्षक सांगतो 'मागे ऐका', ब्रासचा शिक्षक सांगतो 'हाताकडे पाहा', आणि आकृती बदलून बॅटरी पुढे आली की दोन्ही नियम उलटतात. कुठल्या मोजणीपासून कुठपर्यंत कुणी कुणाचं ऐकायचं याचा एकच नकाशा लागतो, आणि तो करणारा एकच माणूस.

त्याला कुणी म्युझिक एन्सेम्बल सुपरवायझर म्हणतं, कुणी नुसतं 'एन्सेम्बल'. तो कुठल्याही विभागाचा नसतो. सराव चालू असताना तो मनोऱ्यावर किंवा प्रेक्षकांच्या बाकांच्या वरच्या रांगेत, परीक्षक बसतात त्या उंचीवर असतो. तो खाली मैदानात उतरला की मुलांना आनंद होतो आणि कोअरचं नुकसान होतं, कारण खालून ऐकू येणारं वरून ऐकू येणाऱ्यासारखं नसतं. दृश्याच्या बाजूनेही असाच एक माणूस हवा. बजेट तुटपुंजं असेल तर दोन तंत्रशिक्षक कमी घ्यावेत, पण ही दोन माणसं वगळू नयेत. सगळ्यांना हे पटेल असं नाही. ब्रासवाल्यांना तर नाहीच.

आवाजाच्या भिंतींचंही सांगायला हवं. माइक-स्पीकरला २००४मध्ये परवानगी मिळाली, सिंथेसायझरसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना २००९मध्ये. तेव्हापासून साउंड इंजिनिअर हा स्टाफचा पूर्ण सभासद झाला, तरी बऱ्याच ठिकाणी त्याला अजून सामान वाहणाऱ्यांतच मोजतात. तो जूनमध्ये आला तर उशीर झालेला असतो. मेमधल्या पहिल्या एकत्र सरावापासून तो हवा, कारण उघड्या मैदानात बसवलेलं मिश्रण बंद छताच्या लुकास ऑइलमध्ये चालत नाही. तिथे आवाज घुमतो आणि खर्जाचा सिंथ ट्युबांना खाऊन टाकतो. शिवाय उष्णतेने पितळी वाद्यांचा सूर चढतो, व्हायब्राफोनच्या पट्ट्यांचा किंचित उतरतो आणि सिंथ जिथल्या तिथे राहतो. संध्याकाळी सात वाजता ओक्लाहोमात चाळीस अंशांत सिंथ किती वर न्यायचा हे ठरवायला इंजिनिअर आणि ब्रासचा प्रमुख यांचं बोलणं असावं लागतं. बोलणं नसेल तर दोघेही मुलांना 'सुरात वाजवा' म्हणून ओरडतात.

विभागप्रमुख, म्हणजे कॅप्शन हेड, यांच्याविषयी थोडक्यात. ब्रास, बॅटरी, फ्रंट, व्हिज्युअल, गार्ड यांना प्रत्येकी एक. तो मोसमभर मुक्कामी राहणारा हवा. नावाजलेला पण महिन्यातून चार दिवस येणारा प्रमुख हा सल्लागार म्हणून उत्तम, त्याला सल्लागारच म्हणावं. प्रमुखाचं पहिलं काम म्हणजे आपल्या विभागाची शब्दावली लिहून काढणं. स्नेअरची काठी किती इंच उचलायची ते तीन, सहा, नऊ, बारा असं आकड्यात सांगायचं; 'जरा मोठा' हा शब्द बंद. वाजवणं सुरू होण्याआधी श्वास किती मोजण्या घ्यायचा, पुढे चालताना टाच मात्रेवर टेकणार की घोटे मात्रेवर एकमेकांना ओलांडणार, थांबताना शेवटचं पाऊल कुठल्या मोजणीवर, हे सगळं कागदावर. कारण शिकवणारे दहा कोअरमधून आलेले असतात. एकाकडे गुडघा ताठ ठेवून चालण्याची रीत, दुसऱ्याकडे वाकवून. दोन्ही बरोबर. पण सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरी शिकलेल्या मुलाचे पाय ऑगस्टपर्यंत एकमेकांशी भांडत राहतात.

आता तंत्रशिक्षक, ज्यांना सगळे 'टेक' म्हणतात. मुलांना प्रत्यक्षात शिकवतात ते हेच. एक सरळ वाटणी धरू: ब्रास ७८, स्नेअर ९, टेनर ५, बेस ड्रम ५, फ्रंट १८, गार्ड ४६, ड्रम मेजर ४. झाले १६५. ब्रासला प्रमुख धरून नऊ जण हवेत: ट्रम्पेटला तीन, मेलोफोनला एक, बॅरिटोन-युफोनियमला दोन, ट्युबाला दोन. बॅटरीला प्रमुखासकट पाच; बेस ड्रमला स्वतंत्र माणूस लागतोच, कारण तिथे एक ओळ पाच जणांत वाटून वाजवतात आणि ती वाटणी स्नेअरच्या टेकला कळत नाही, तो कितीही हुशार असला तरी. फ्रंटला चार. व्हिज्युअलला सात, गार्डला सात. झेंडा, रायफल, तलवार आणि नृत्य यांचे हात वेगवेगळे. दोन एन्सेम्बलची माणसं, दोन आवाजाची. एकूण छत्तीस.

छत्तीस जण एका दिवशी मैदानावर असले तर मात्र सराव होत नाही, बाजार भरतो. रोजची संख्या बावीस-चोवीस असावी. आदर्श स्टाफची गोष्ट इथे नावांवरून तारखांवर येते.

मुलं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुक्कामी येतात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असतात. म्हणजे ऐंशीएक दिवस. शिकवणारे बहुतेक शाळा-कॉलेजांतले बँड शिक्षक. मे संपेपर्यंत त्यांच्या शाळा चालू असतात. जूनमध्ये सगळे मोकळे, म्हणून सगळे जूनमध्ये येतात. जुलैच्या मध्यावर घरच्यांना वेळ द्यायचा असतो. आणि टेक्सससारख्या राज्यांत शाळांच्या बँडचे उन्हाळी सराव ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू होतात, नेमके अंतिम फेरीच्या तोंडावर. परिणाम ठरलेला: मेच्या शेवटी माणसं कमी, जूनमध्ये गर्दी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ओसाडी आणि शेवटच्या दहा दिवसांत रात्रीच्या विमानाने येऊन सकाळी जाणारे पाहुणे. तारांकित स्टाफ जुलैमध्ये कोलमडतो तो असा. जितकं नाव मोठं तितका माणूस इतरत्र गुंतलेला.

म्हणून करार करताना आधी कॅलेंडर. एका कागदावर उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत ऐंशी दिवस. कुठल्याही विभागात कुठल्याही दिवशी दोनपेक्षा कमी चौकोन भरलेले दिसले की तिथे थांबायचं. जाणारा आणि येणारा यांच्यात एक पूर्ण दिवस सामाईक ठेवायचा. त्या दिवसाचे पैसे दोघांना द्यावे लागतात आणि ते वाया गेले असं हिशेबनिसाला वाटतं, पण ते त्या मोसमातले सगळ्यात स्वस्त पैसे असतात. जाणाऱ्याने एक पानाची नोंद ठेवायची: कुठल्या मोजण्या स्वच्छ झाल्या, कुठल्या मुद्दाम सोडून दिल्या, कुणाचा गुडघा दुखतोय, आणि काय शिकवायचं नाही. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. नवा टेक आला की त्याला काहीतरी सुधारायचंच असतं. तो हमखास तेच सुधारायला घेतो जे प्रमुखाने पुढच्या आठवड्यात बदलायचं म्हणून सोडलेलं असतं.

पूर्ण मोसम थांबणारा तेवीस वर्षांचा टेक आणि पाच वेळा विमानाने येणारा चाळिशीतला गुरू यांत निवड करायची वेळ आली तर पहिल्याला घ्यावं. खर्चही कमी होतो. तरुण टेकचा एक धोका मात्र आहे. तो गेल्या ऑगस्टपर्यंत याच कोअरच्या रांगेत उभा होता, आज एकवीस वर्षांच्या मुलांना शिकवतो, आणि काल ते सगळे एकाच व्यायामशाळेच्या फरशीवर शेजारी-शेजारी झोपत होते. मैत्री कुठे थांबते आणि अधिकार कुठे सुरू होतो हे त्याचं त्याला उमगणार नाही. निदान एक वर्ष त्याला दुसऱ्या कोअरमध्ये शिकवू द्यावं, मग परत बोलवावं.

याच संदर्भात २०१८ विसरून चालणार नाही. त्या वर्षी लैंगिक छळाच्या आरोपांनी हे क्षेत्र हादरलं आणि तोवर 'आपलीच माणसं' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी नियमांत आल्या. पार्श्वभूमीची तपासणी प्रत्येकाची, कितीही थोर असला तरी. मुलाशी एकांतात शिकवणी नाही, नेहमी दुसरा प्रौढ नजरेच्या टप्प्यात. खासगी निरोप नाहीत. तक्रार ऐकणारी व्यक्ती शिकवणाऱ्यांच्या साखळीबाहेरची, आणि तिचा फोन नंबर बसमध्ये चिकटवलेला. माजी विद्यार्थ्यांना फोन करून विचारावं, आणि विचारताना 'कसा शिकवतो' याआधी 'रागावला की काय करतो' हे विचारावं.

शिकवण्याची पद्धतही नेमणुकीच्या वेळीच पाहून घ्यावी, कारण वेळेचं गणित तिथेच जिंकलं किंवा हरलं जातं. १८०च्या लयीत सोळा मोजण्यांचा तुकडा सव्वापाच सेकंदांत संपतो. मग मुलं धावत आपल्या जागी परत येतात आणि सूचना ऐकतात. यात नव्वद सेकंद गेले तर तीन तासांच्या सत्रात ११३ वेळा तो तुकडा होतो. पंचेचाळीस सेकंदांत उरकलं तर २१४ वेळा. तीच मुलं, तेच ऊन, आवर्तनं जवळजवळ दुप्पट. फरक पडतो तो बोलण्याच्या शिस्तीने. मनोऱ्यावरून एकच आवाज, जास्तीत जास्त दोन सूचना. टेकनी आपलं सांगायचं ते मुलं परत धावत असताना, चालता-चालता, एकेका वाक्यात. मुलाखतीत उमेदवाराला दहा मुलं आणि आठ मोजण्या देऊन दहा मिनिटं उभं करावं आणि आपण फक्त घड्याळ पाहावं. किती वेळ तो बोलला आणि किती वेळ मुलांनी वाजवलं, एवढंच लिहून घ्यावं. विद्वान माणसं इथे पटापट गळतात.

परीक्षकांशी बोलायला कुणाला पाठवायचं हाही निवडीचाच भाग. काही स्पर्धांनंतर क्रिटीक असते: प्रत्येक परीक्षकासमोर मोजकी मिनिटं. त्याचं ध्वनिमुद्रित भाष्य स्टाफने आधी ऐकलेलं असतं. तिथे भांडखोर प्रमुख गेला तर कोअरचा पुढचा आठवडा कठीण जातो आणि नुसता हसरा गेला तर हाती काहीच लागत नाही. 'तिसऱ्या मिनिटाला तुम्ही गार्डकडे पाहत होतात, तेव्हा आमचा ब्रासचा मुख्य क्षण मागच्या कोपऱ्यात होता. तुमची नजर तिकडे यावी म्हणून आम्ही काय करायला हवं?' असं विचारू शकणारा माणूस पाठवावा. परीक्षकाला चुकलास असं न म्हणता त्याच्याकडून उत्तर काढून घेणारा. असा एक जरी सापडला तरी त्याचे पैसे वसूल.

आणि ज्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात ते. उन्हात बारा तास चालणाऱ्या मुलांसाठी ॲथलेटिक ट्रेनर. एक नव्हे, आलटून-पालटून दोन. मुलाला बसवायचा निर्णय ट्रेनरचा आणि त्यावर प्रमुखाचं अपील नाही, हे करारात असावं. प्रत्येक मुलाजवळ गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा, पाण्याचा डबा असतो. तो दुपारी भरलाय की रिकामा हे पाहणं टेकच्या कामात लिहावं. फिरत्या स्वयंपाकघरात दिवसाला चार वेळा दोनशेच्या वर पानं वाढणारे स्वयंसेवक असतात. रात्री बस चालवणाऱ्यांची झोप पुरी झाली नाही तर दुसऱ्या दिवशीचा सराव कितीला सुरू करायचा हे कार्यक्रमाच्या कोऑर्डिनेटरला ठरवता येत नाही. ते टूर डायरेक्टरने ठरवायचं आणि इतरांनी मान्य करायचं. कॅडेट्ससारखा, म्हणजे वर आलेल्या गारफील्डसारखा, १९३४पासूनचा, दहा वेळा जिंकलेला कोअर २०२४मध्ये दिवाळखोरीत बंद पडला. मैदानावर काय शिकवलं जात होतं याचा त्यात प्रश्न नव्हता.

स्टाफ जमवला की निकाल लगेच येतो, असंही नाही. स्टार ऑफ इंडियाना १९८५मध्ये उतरला तेव्हा त्याच्यामागे उद्योगपती बिल कुक यांचा पैसा होता आणि अनुभवी शिक्षक होते. पहिल्याच वर्षी दहावा क्रमांक, जे आधी कुणाला जमलं नव्हतं. विजेतेपदाला तरी १९९१ उजाडलं. बोस्टन क्रुसेडर्स २०१६मध्ये बारावे होते. त्यांनी रचनेचा चमू बराचसा नव्याने उभा केला, २०१७मध्ये ते सहावे आले. पहिलं विजेतेपद मिळालं २०२५मध्ये. नव्या माणसांनी बारावरून सहावर एका वर्षात नेलं. सहावरून एकवर यायला आठ वर्षं लागली. पहिली उडी कल्पनांची असते. पुढची वर्षं त्याच माणसांनी एकमेकांची अर्धी वाक्यं ओळखायला शिकण्यात जातात, आणि दर सप्टेंबरला स्टाफ बदलणाऱ्यांना ती कधी मिळत नाहीत.

त्यामुळे करार निदान तीन वर्षांचा धरावा, पैसे थोडे असले तरी. मुलं दर वर्षी काही हजार डॉलर भरून येतात आणि बाविशीला बाहेर पडतात. रांगेतले चेहरे सतत बदलत असतात. टिकून राहू शकतात ते शिकवणारेच. पहिल्या वर्षी मोसम संपल्यावर, मुलं घरी गेल्यानंतरच्या दोन दिवसांत, सगळ्या टेकना एकत्र बसवून एकच काम द्यावं: मेमध्ये लिहिलेली शब्दावली उघडायची आणि जे शब्द ऑगस्टपर्यंत कुणीच वापरले नाहीत ते खोडायचे. साधारण निम्मी वही खोडली जाते. उरलेली वही नोव्हेंबरच्या निवड शिबिरात पहिल्या सकाळी नव्या मुलांच्या हातात द्यायची.